चामटोली ते उल्हासनगर, दारापर्यंत

बदलापूरच्या मांजर्लीत, आमच्या घरात जीन्स यायच्या त्या गठ्ठ्यांनी, आणि घालायला नव्हे. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवून झालेला माल टेम्पोने आमच्या गल्लीत उतरायचा. आई, शेजारच्या काकू, मी आणि धाकटी बहीण, सगळ्या मिळून शिलाईचे लोंबणारे धागे कापत बसायचो. आईच्या गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री कायम असायची. मंगळसूत्रापेक्षा ती जास्त दिसायची. बाबा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत होते. कंपनीला टाळं लागलं आणि सगळं घर त्या कात्रीवर आलं.

मग एका पावसाळ्यात उल्हास नदी घरात आली. मांजर्लीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते: पाणी आधी मोरीतून वर येतं, दारातून नंतर. आईने गठ्ठे पलंगावर ठेवले, पलंग विटांवर चढवला, तरी पाणी पोचलंच. जीन्सचा रंग सुटला. पाणी ओसरल्यावर भिंतीवर माझ्या कमरेएवढ्या उंचीला निळी रेघ राहिली होती. त्यानंतर कितीतरी महिने टेम्पो आमच्या दाराशी थांबला नाही. बाबा म्हणाले, सुजाताला शाळेतून काढू, कुठेतरी पॅकिंगला लागेल. मी तेव्हा नववीत होते.

प्रवासाचं सांगायला बसले आणि घरचं काय सांगते आहे, असं वाटेल. पण हा प्रवास त्या निळ्या रेघेपासूनच सुरू होतो.

बदलापूरला आमचं मुलींचं पथक होतं. दर रविवारी सकाळी विहाराच्या ओट्यावर जमायचो. कवायत, प्रथमोपचार, दोरीच्या गाठी, वर्षातून एक शिबिर, आणि चारचौघांत उभं राहून बोलायची सवय. पूर ओसरल्यानंतर एकदा आम्ही संध्याकाळी जमलो. रस्त्यात चिखल, दिवे बंद, गटारांची झाकणं वाहून गेलेली. तेव्हा पथक चालवणारी वैशालीताई म्हणाली, आज कुणी एकटं जायचं नाही, मी दारापर्यंत येते. एकेकीला पोचवत ती शेवटी आमच्याकडे आली. दारापर्यंत आली म्हणून तिला घर दिसलं. दोरीवर जीन्सच्या शेजारी चिमट्यांनी लावलेली माझी पुस्तकं दिसली. ती उंबऱ्यावर बसली आणि बाबांशी बोलली. काय बोलली ते मला आत ऐकू आलं नाही. पण मी शाळेतच राहिले.

तेव्हापासून बदलापूरच्या पथकाचा रिवाज पडला. सभा संपली की मुली घोळक्याने निघणार, वाटेत एकेकीला तिच्या दारात सोडणार. शेवटी जी एकटी उरेल तिला शेवटच्या घरातलं मोठं माणूस पोचवणार. आमचं घर नदीच्या बाजूला, त्यामुळे ही पाळी बहुतेक वेळा आईवर यायची. गळ्यातली कात्री तशीच ठेवून आई दुसऱ्याच्या मुलीला सोडायला निघायची.

आज मी बी.कॉम. आहे. आमच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली पहिली. अंबरनाथला एका कंपनीत अकाउंट्स बघते, आणि बदलापूरच्या पथकाची ताई आहे. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

दोन वर्षांपूर्वी मुख्य कचेरीतून निरोप आला. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशा तीन छोट्या शाखा वेगळ्या चालणार नाहीत. तिन्हींनी एक व्हावं, एक नियमावली ठरवावी. जमलं नाही तर छोटे गट बंद करून मुलींना जवळच्या मोठ्या शाखेत जा म्हणून सांगावं. आमच्या बदलापूर शाखेतला सगळ्यात छोटा गट चामटोली गावचा. तो बंद म्हणजे तिथल्या मुलींचं सगळंच बंद, कारण त्यांना लांब कोण पाठवणार?

फोनवर तिन्ही शाखांची भांडणं सुरू झाली. स्कार्फ कुणाच्या रंगाचा, सभा कुणाच्या गावात. शेवटी मी म्हटलं, आपण एकमेकींची गावं पाहिलेलीच नाहीत. नाताळच्या सुट्टीत तीन दिवस चालत जाऊ. चामटोलीपासून उल्हासनगरपर्यंत. शेवटच्या दिवशी तिथेच बसून ठरवू.

ऑफिसमधले हसले. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात, ही अंबरनाथला चालली. हसू देत. मी महाबळेश्वरही पाहिलंय. तिथे मला कुणी घरात बोलावलं नव्हतं.

चामटोली

थंडीत चामटोलीला सकाळी शेतांवर धुकं असतं आणि त्याच्या वर चंदेरी गडाचा सुळका तेवढा दिसतो, जणू कुणी वेगळा आणून ठेवलाय. वालाच्या शेंगा भरलेल्या होत्या. उल्हासनगरच्या मुलींनी वेलाला शेंग लागलेली पहिल्यांदा पाहिली आणि फोटो काढण्यातच अर्धी सकाळ गेली. त्यांची पुढारी मुस्कान, सिंधी, बारावीतली, बोलायला लागली की थांबत नाही. अंबरनाथच्या मुली मात्र रांगेत उभ्या. त्यांच्या माधुरीबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या पीटीच्या बाई. गळ्यात शिट्टी. आईच्या कात्रीसारखीच, नाडीला बांधलेली.

न्याहारी निकिताच्या घरी होती. निकिता आमच्या चामटोली गटातली, अकरावीतली, उंच, कमी बोलणारी. तिच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. माधुरीबाईंनी भाकरी दुधाबरोबर खाल्ली. मला वाटलं सिंधी मुली नाक मुरडतील. मुस्कानने कालवण दोनदा मागून घेतलं आणि म्हणाली, "हमारे घर में मच्छी नसली ना ताई, तर दादा जेवतच नाय." निकिताची आई जी हसली ती हसतच राहिली.

निघताना निकिताचे वडील, रामदासकाका, अंगणात आले. सकाळी शेत, दुपारनंतर कंपनीची ड्यूटी, असा त्यांचा दिवस. निकिताला पथकात पाठवायला ते तयार झाले होते ते आमच्या पोचवण्याच्या रिवाजामुळेच. बदलापूरहून आमची एकतरी मोठी मुलगी तिच्याबरोबर चामटोलीपर्यंत यायची. त्यांनी माझ्याकडेच बघून विचारलं.

"ताई, तीनाची एक शाखा करा नायतर एकाच्या तीन करा. आमाला त्याचा काय? सभा उल्हासनगरला झाली तर पोर घरी कोन पोचवनार, तेवढा सांगा."

मी म्हटलं, काका, तीन दिवसांनी सांगते.

"मंग तीन दिवसांनी मी पन सांगतो," ते म्हणाले आणि गोठ्याकडे वळले. निकिता खाली बघून पिशवीची नाडी बांधत होती. नाडी आधीच बांधलेली होती.

हेंद्रेपाडा, मांजर्ली

चामटोलीहून बदलापूर म्हणजे फार नाही, पण कवायतीचे नवे बूट घालून रस्त्याच्या कडेने चालून बघा. अंबरनाथच्या सगळ्या मुलींनी बाईंच्या हुकमावरून नवे बूट आणले होते. हेंद्रेपाड्यात पोचेपर्यंत निम्म्या लंगडत होत्या. आमच्या आणि चामटोलीच्या मुली चपला घालून मजेत. तिथल्या एका दुकानदाराने चिकटपट्ट्यांची अख्खी बरणी समोर ठेवली आणि विचारलं, मोर्चा कसला आहे? मुस्कान म्हणाली, "मोर्चा नाही अंकल, लग्न आहे. तीन नवऱ्या." प्रथमोपचाराचा तास फुटपाथवरच झाला. एकमेकींच्या टाचांना पट्ट्या लावताना मुली पहिल्यांदा एकमेकींची नावं विचारायला लागल्या.

दुपारचं जेवण आमच्या घरी. भिंतीला आता गुलाबी रंग आहे. बाबांनी घरात आलेल्या प्रत्येक मुलीला माझा पदवीदानाचा फोटो दाखवला, काहींना दोनदा. आईने बटाट्याची भाजी, पुऱ्या आणि शेवयांची खीर केली होती. माधुरीबाईंनी विचारलं की एवढ्या जणींचं एकटीने कसं केलंत, तर आई म्हणाली, "एकटीने कशाला? ज्यांच्या पोरींना सोडायला मी गेले, त्या सगळ्यांच्या आया सकाळपासून पुऱ्या लाटतायत." मागच्या दारात बघितलं तर खरंच अख्खी गल्ली पोळपाट घेऊन बसली होती.

पण त्याच संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर पहिली ठिणगी पडली. सभा संपल्यावर मांजर्लीच्या मुली घरी निघाल्या आणि रिवाजाप्रमाणे घोळका त्यांना पोचवायला उठला. माधुरीबाई बघत होत्या. म्हणाल्या, "सुजाता, राग मानू नकोस. मी तीस वर्षं मुली शिकवल्या. मी त्यांना धीट करते, तू त्यांना बोट धरून चालवतेस. सोळा वर्षांची मुलगी स्वतःच्या घरी स्वतः जाऊ शकत नसेल तर आपण पथक कशाला चालवतो?"

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. मी एवढंच म्हटलं की बाई, माझी ताई दारापर्यंत आली नसती तर तिला आमचं घर दिसलं नसतं. त्या म्हणाल्या, घर बघायला वर्षातून एकदा जावं. नियम म्हणून रोज नाही. आणि स्पष्ट सांगितलं की एकत्र नियमावलीत ही गोष्ट आली तर अंबरनाथची सही होणार नाही.

निकिता पायरीवर बसून सगळं ऐकत होती. नंतर मला म्हणाली, "ताई, बाई नाय बोलल्या तर घरून मला पण नाय बोलतील." बस एवढंच.

अंबरनाथ

बदलापूर सोडून चिखलोलीच्या बाजूने पुढे गेलं की एका हाताला धरणाचं पाणी आणि दुसऱ्या हाताला नव्या इमारती. बदलापूरची सकाळ भाताच्या पेंढ्याच्या वासाची, अंबरनाथची सकाळ एमआयडीसीच्या वासाची. मला दोन्ही वास घरचे. बाबांच्या कपड्यांना हाच वास असायचा. बंद पडलेल्या कंपनीच्या भिंतीवरून आता वडाची पारंबी बाहेर आली आहे. मी मुलींना ती दाखवली आणि म्हटलं, इथे माझे बाबा होते. अंबरनाथच्या एका मुलीने लगेच रस्त्यापलीकडे बोट केलं, "आणि तिथे माझे आहेत, अजून."

जुन्या शिवमंदिरात बाईंचं वेगळंच रूप दिसलं. शिट्टी न वाजवता त्यांनी आम्हाला भिंतीवरची एकेक मूर्ती दाखवली. हत्तींची रांग दाखवताना म्हणाल्या, बघा, एकही हत्ती रांग मोडत नाही. मुली हसल्या, तेव्हा त्याही जराशा हसल्या. शेजारून वालधुनी नदी वाहते. तिच्या पाण्याचा रंग मी इथे लिहीत नाही. निळ्या पाण्याकडे मला अजून फार वेळ बघवत नाही.

मुक्काम शाळेच्या हॉलमध्ये होता. अंबरनाथच्या मुली आपापल्या घरी जाऊन सकाळी येणार होत्या, बाकी आम्ही हॉलमध्ये. दिवस मावळायच्या आधी त्या निघाल्या. आता आमच्या मुलींच्या अंगात सवय मुरलेली. त्या उठल्या आणि अंबरनाथच्या मुलींना पोचवायला निघाल्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं, पण पाहुण्या पोरींना काय बोलणार?

खिचडी शिजली. पापड भाजून झाले. मुलींचा पत्ता नाही. फोन केला तर निकिता म्हणाली, निघालोय. थोड्या वेळाने परत केला, तेव्हाही म्हणाली, निघालोय. बाईंनी शिट्टी हातात घेतली आणि आम्ही दोघी शोधायला बाहेर पडलो.

स्टेशनपलीकडच्या वस्तीत, एका गल्लीच्या तोंडाशी, सगळ्या सापडल्या. झालं असं होतं की आमच्या मुलींनी अंबरनाथच्या मुलींना दारात सोडलं. अंबरनाथच्या घरांची पद्धत अशी की पाहुण्याला नाक्यापर्यंत सोडायला जायचं, आणि शाळेत उतरलेला पाहुणा असेल तर शाळेपर्यंत. म्हणून त्या परत आमच्या मुलींना सोडायला निघाल्या. शाळेच्या फाटकाजवळ आल्यावर आमच्या मुली म्हणाल्या, आता तुम्ही एकट्या कशा जाणार? आणि वळल्या. असं किती वेळा झालं ते त्यांनाही सांगता येईना. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून एक काकू ओरडून सांगत होत्या, "अगं, एकीने तरी माघार घ्या. माझ्या पोरीची भाजी तिसऱ्यांदा गरम करतेय."

मी हसून हसून भिंतीला टेकले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा तमाशा मीच संपवते, एकेकीला मीच घरी सोडते, चला. आणि त्यांनी खरंच एकेकीला घरी सोडायला सुरुवात केली. मी मागे.

शेवटची होती अश्विनी. ही मुलगी दर रविवारी उशिरा येते आणि बाई तिला दर रविवारी दाराबाहेर उभी करतात, हे मला आधीच कळलं होतं. तिची खोली वस्तीच्या टोकाला, चढावर. खाली सार्वजनिक नळ, त्याच्यापुढे हंड्यांची रांग. अश्विनीची आजी ओट्यावर बसून होती. तिला दिसत नव्हतं. ती आवाजावरून म्हणाली, "आलीस का गं? आपला नंबर गेला. आता उद्या सकाळी बघ, उद्या रविवार, तुझ्या क्लासच्या वेळेलाच यायचंय पाणी."

अश्विनी घाईघाईने म्हणाली, "सॉरी बाई, मी उद्या लवकर येते." बाईंनी दोन रिकामे हंडे उचलले, रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, "पोर पाहुण्यांबरोबर होती, हिला एवढे दोन भरून घेऊ द्या." बायकांनी शिट्टीकडे बघितलं आणि वाट दिली. एक हंडा मी नेला, एक बाईंनी. चढावर त्यांना दम लागला, पण हंडा त्यांनी मला दिला नाही.

हॉलवर आल्यावर त्यांनी खिचडी वाढली. दुसऱ्या दिवशी अश्विनी उशिरा आली, सगळी रांग लागल्यावर. बाई म्हणाल्या, "ये, तुझी जागा ठेवलीय."

उल्हासनगर

अंबरनाथहून उल्हासनगर म्हणजे एक गाव कधी संपलं आणि दुसरं कधी लागलं ते कळत नाही. दुकानांच्या पाट्यांवरून कळतं. मराठी पाट्यांत सिंधी दिसायला लागते, गाड्यांवर दाल पकवान दिसायला लागतं, आणि प्रत्येक दुकानदार आपल्याला ओळखत असल्यासारखा हाक मारतो. आमच्या चामटोलीच्या मुली बाजारात एकमेकींचे हात घट्ट धरून चालत होत्या. मुस्कान पुढे, रिक्षावाल्यांना बाजूला करत, "ए भाई, मेहमान है."

उल्हासनगरच्या शाखेच्या प्रमुख कविता आंटी. गुडघे दुखतात म्हणून चालायला आल्या नव्हत्या. त्यांची जागा कॅम्प चार नावाच्या भागात, एका जीन्सच्या कारखान्याच्या वरचा हॉल. जिन्याने चढताना खालच्या मशिनींचा आवाज पायांत येतो. मी एका पायरीवर थांबले. दारातून दिसत होतं: धागे लोंबणाऱ्या जीन्सचे गठ्ठे. कापडाचा तोच वास. माझ्या आयुष्यातली पहिली वीस वर्षं इथूनच टेम्पोत भरून यायची, आणि आज मी वर चालले होते, पथकाची ताई म्हणून, नियम ठरवायला. माझी मान त्या जिन्यावर ताठ होती, हे मी कबूल करते.

आंटींनी सगळ्यांना बसवलं आणि आधी भाजलेला पापड आणि पाणी दिलं. सिंध्यांच्या घरी कुणीही आलं तरी आधी पापड-पाणी. आपल्याकडे गूळ-पाणी द्यायचे तसं. मग पालक-डाळीची साई भाजी, भात आणि कोकी नावाची कांदा घातलेली जाड पोळी, आणि आग्रह असा की आमच्या कोकणातल्या मावशा फिक्या पडाव्यात.

मग सभा बसली. एक नाव, एक नोंदणी, सभा पाळीपाळीने तिन्ही गावांत, हे पटापट झालं. स्कार्फच्या रंगावर तास गेला आणि काही ठरलं नाही. मग मी पोचवण्याचा विषय काढला. कविता आंटी म्हणाल्या, "बेटा, आयडिया अच्छी है. पण चामटोलीची पोरगी इथून निघाली तर तिला तिकडे कोण नेणार? माझी पोरगी चामटोलीला, मग तिला कोण आणणार?" मी बाईंकडे बघितलंच नाही. नाही म्हणतील ते कानाने ऐकू, असं ठरवून बसले.

माधुरीबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काल मी माझ्या मुलींना घरी सोडलं. यांना चार वर्षं शिकवतेय, पण घरं काल बघितली. दारापर्यंत, हा नियम अंबरनाथला मान्य आहे. माझी एकच अट आहे. जिला पोचवलं तिने पुढच्या वेळी दुसरीला पोचवायचं. म्हणजे धीटपण येईल." मग आंटींकडे वळल्या, "आणि लांबचं म्हणाल तर, शेवटपर्यंत एकीने कशाला जायचं? तुमच्या मुली अंबरनाथपर्यंत आणतील. माझ्या बदलापूरपर्यंत. सुजाताच्या चामटोलीपर्यंत. हातातून हातात."

आंटींनी टाळी वाजवली. "बस, हो गया." तिन्ही शाखांच्या सह्या झाल्या. निकिताने सही होताना बघितली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

परत चामटोली

नियम झाला त्याच दुपारी तो पहिल्यांदा चालवून बघितला. उल्हासनगरच्या मुलींनी आम्हाला अंबरनाथपर्यंत आणलं. अंबरनाथच्या मुलींनी बदलापूरपर्यंत. अश्विनीने सगळ्यांना रिक्षात बसवताना स्वतःहून मोजणी केली, मोठ्याने, शिट्टीशिवाय. मांजर्लीत एकेक मुलगी घरी गेली आणि मी निकिताला घेऊन चामटोलीच्या गाडीत बसले, तर शेजारी मुस्कान.

मी म्हटलं, अगं, तू अंबरनाथहून परत जायचं होतंस. म्हणाली, "ताई, मी निकिताला बोललेली ना, दारापर्यंत. अंबरनाथमध्ये तिचा दरवाजा कुठे आहे?" घरी फोन करून विचारलं होतं तिने. मी काय करणार?

रामदासकाका ड्यूटीवरून लवकर आले होते. अंगणातच उभे होते. मुस्कान पुढे गेली.

"काका, ही घ्या तुमची निकिता."

"तू कुठची गो?"

"उल्हासनगर. कॅम्प चार."

"तिथनं हिला सोडायला आलीस?"

"दारापर्यंत ठरलंय ना, काका. आ गया दरवाजा."

काकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांना नियम सांगितला, हातातून हातात वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सगला बरोबर. पन आता हिला कोन पोचवनार?"

एवढी सभा केली, एवढ्या सह्या घेतल्या, आणि आमचा सगळ्यात जुना रिवाज, शेवटी उरलेल्या मुलीचा, तोच लिहायला विसरलो होतो. आईने वर्षानुवर्षं पाळलेला. मी म्हणणार होते की मी जाते, पण काका तोवर आत जाऊन शर्ट घालून बाहेर आले होते.

"निकिता, चप्पल घाल. हिचा घर बघून येऊ."

ते दोघं त्याच संध्याकाळी मुस्कानला उल्हासनगरला तिच्या दारात सोडून आले. तिथे त्यांना आधी पापड आणि पाणी मिळालं. काकांना वाटलं पाहुणचार तेवढाच, म्हणून ते आभार मानून उठले, आणि मुस्कानच्या दादांनी, म्हणजे आजोबांनी, त्यांना हात धरून परत बसवलं. गावात ते अजून हा किस्सा सांगतात. शेवटी म्हणतात, "मानसा चांगली हायत. मासे बी खातात."

नियमावलीत शेवटचं वाक्य आम्ही नंतर घातलं: शेवटी उरलेल्या मुलीला शेवटच्या घरातलं मोठं माणूस पोचवेल. माधुरीबाईंनी ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं. स्कार्फचा रंग अजून ठरलेला नाही. तिन्ही रंग चालू आहेत आणि कुणाचं काही अडलेलं नाही.

तीन शाखांचं आता एकच पथक आहे. चामटोलीचा गट बंद झाला नाही. निकिता त्या गटाची ताई आहे आणि बारावी पास होऊन यंदा उल्हासनगरच्या कॉलेजात जाते, तिच्या घरातली पहिली. पथक एक झाल्यापासून आमची एकही मुलगी सभेहून एकटी घरी गेलेली नाही.